ट्रकचा फॅन क्लच आवाज करतोय? खराबी अशी ओळखा

माझ्या काकांचा ट्रक नाशिकहून मुंबईला कांदा नेतो. मध्यंतरी इंजिनच्या पुढच्या बाजूने घरघर यायला लागली. गॅरेजवाले म्हणाले, "वॉटर पंप गेलाय." पंप बदलला, पैसे गेले, पण आवाज तसाच! खराबी फॅन क्लचमध्ये होती. तुमच्या घरच्या गाडीचं असं होऊ नये म्हणून हा लेख.

फॅन क्लच म्हणजे काय?

रेडिएटरमागचा मोठा पंखा कायम पूर्ण जोरात फिरला, तर डिझेल फुकट जातं. म्हणून पंखा आणि इंजिन यांच्यामध्ये क्लच असतो. बऱ्याच ट्रकमध्ये तो व्हिस्कस प्रकारचा असतो. त्याच्या आत घट्ट सिलिकॉन तेल असतं आणि पुढच्या बाजूला दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी असते. रेडिएटरमधून गरम हवा आली की पट्टी वळते, आतली झडप उघडते, तेल दुसऱ्या कप्प्यात येतं आणि पंखा जोर धरतो. हवा थंड झाली की पंखा पुन्हा सैल फिरतो.

आवाज कधी येतो ते आधी बघा

आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हे जास्त सांगून जातं.

- सकाळी सुरू केल्यावर एक-दोन मिनिटं घोंगावतो, मग शांत होतो: नॉर्मल आहे. गाडी उभी असताना तेल त्या कप्प्यात साचतं.
- घाटात वाढतो, काटा खाली आला की कमी होतो: क्लच नीट काम करतोय.
- थंड असल्यापासून सतत घोंगावतो, थांबतच नाही: क्लच जाम झालाय. ॲव्हरेजही कमी मिळेल.
- काटा लाल पट्ट्याकडे जातोय, पण पंख्याचा आवाज वाढत नाही: क्लच घसरत असण्याची शक्यता आहे. गाडी थांबवा.
- घरघर, खडखड: बेअरिंग गेलंय, किंवा पाती श्राउडला, म्हणजे पंख्याभोवतीच्या कव्हरला, घासतायत.

मोबाईल इथे कामाला येतो

केबिनमध्ये बसून टेम्परेचरचा काटा आणि आवाज एकाच व्हिडिओत घ्या. एक व्हिडिओ सकाळी थंड इंजिनचा, दुसरा घाट चढतानाचा. शूटिंग शेजारी बसलेल्याने करायचं, ड्रायव्हरने नाही! आमच्या दोन्ही व्हिडिओत घरघर सारखीच होती. म्हणजे तिचा गरमीशी संबंध नव्हता, काहीतरी झिजलेलं होतं.

हाताने तपासणी

इंजिन बंद, चावी खिशात आणि इंजिन पूर्ण थंड. हे तिन्ही झाल्याशिवाय पंख्याला हात लावायचा नाही.

1. पंखा फिरवा. थोडा जड फिरून थांबला तर ठीक. गरागरा फिरतच राहिला तर क्लच घसरतोय. अजिबात हलला नाही तर जाम.
2. पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. जास्त खेळ जाणवला तर बेअरिंग झिजलंय.
3. क्लचवर तेल आणि धुळीचे काळे ओघळ आहेत का बघा. असतील तर तेल गळतंय.

पुष्कळ गाड्यांत क्लच वॉटर पंपाच्या शाफ्टवरच बसवलेला असतो, म्हणून दोन्हींचा आवाज एकाच जागेवरून येतो. आमच्या ट्रकमध्ये पातं हलवलं की क्लच डुगडुगायचा, पण मागचा पंपाचा हब हलत नव्हता. तिथेच उत्तर मिळालं. श्राउडच्या आतून पाती घासल्याचे व्रणही होते. अजून काही दिवस तसंच चालवलं असतं, तर पाती रेडिएटरमध्ये घुसून गाडी कसारा घाटात बंद पडू शकली असती.

हे विसरू नका

- चालू पंख्याजवळ मोबाईल, हात, गमछा काहीही नेऊ नका.
- गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.
- काही नव्या ट्रकमध्ये क्लच इलेक्ट्रॉनिक असतो. तिथे वायरिंग आणि सेन्सर स्कॅनर लावून तपासावे लागतात.

गॅरेजमध्ये जाऊन नुसतं "आवाज येतोय" म्हणू नका. दोन्ही व्हिडिओ दाखवा, पातं हलवून दाखवायला सांगा आणि मगच पार्ट बदलायला हो म्हणा. काकांनी हे आधी केलं असतं, तर पंपाचा खर्च वाचला असता!