लोकसमूहांतील भेद आणि सांख्यिकीय अनुमान

एकाच समाजाच्या पोटसमूहांत आढळणारा भेद खरा आहे की केवळ नमुन्याच्या निवडीमुळे योगायोगाने उद्भवला आहे, हे संभाव्यतेच्या आधारे ठरविण्याची पद्धती. भारतात तिचा विकास जातींच्या मानवमितीय अभ्यासातून झाला.

हर्बर्ट रिझली यांनी १८९१ मध्ये बंगालमधील मापनांवरून जातीचा सामाजिक दर्जा व नासिकानिर्देशांक यांची सांगड घातली. एकाच लक्षणावर एवढा मोठा निष्कर्ष उभारणे सदोष होते. १९२० मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या नागपूर अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनन्डेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबीस (१८९३–१९७२) यांच्याकडे कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची मापने विश्लेषणासाठी सोपविली. त्यातून पुढे ‘डी-वर्ग’ हे अंतरमान सिद्ध झाले. त्याचे व्यापक रूप १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. यात अनेक लक्षणांच्या सरासरींतील फरक समूहांतर्गत विचरणाच्या तुलनेत मोजला जातो व लक्षणांतील परस्परसंबंधही हिशेबात घेतले जातात.

महाराष्ट्रात इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून हे कार्य केले. वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेला महाराष्ट्राच्या मानवमितीवरील ग्रंथ १९५१ मध्ये, तर कैलाश मल्होत्रा यांच्यासह केलेली समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही समूहांची तुलना १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका नावाखाली मोडणाऱ्या सर्व जाती एकाच मूळ समूहाच्या फुटून झालेल्या शाखा असतातच असे नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते.

जात म्हणजे सोयरसंबंधांचे जाळेही होय. मामाच्या मुलीशी विवाह मान्य असल्यास तीच घराणी पुन्हा जोडली जातात. निषिद्ध असल्यास जाळे नव्या घराण्यांकडे पसरते. अशा जाळ्यांचीही तुलना करता येते. उदा., बीड जिल्ह्यातील कडा हे गाव ज्या आष्टी तालुक्यात आहे, तो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, तर शेजारचा अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा मुंबई राज्यात होता. या जुन्या सीमेपलीकडील सोयरिकींचे प्रमाण सर्व जातींत सारखे होते काय, हे तपासावयाचे झाल्यास कुटुंबांच्या नोंदींवरील जातिनामांची यादृच्छिक अदलाबदल अनेकदा करून मिळणाऱ्या फरकांशी प्रत्यक्ष फरक ताडून पाहता येतो. मात्र एका भावकीतील विवाह परस्परांपासून स्वतंत्र नसतात. म्हणून अदलाबदल भावकीनिहाय करावी लागते.

सामग्री विपुल असली, तरी दक्षता आवश्यकच ठरते. मोठ्या नमुन्यात क्षुल्लक फरकही सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय ठरतो. पाच टक्के लक्षणीयता-पातळीवर वीस तुलना केल्यास, खरा भेद कोठेही नसताना, सरासरीने एक तुलना भेद दाखविते. शिवाय समूहांच्या सरासरी भिन्न असल्या, तरी त्यांतील व्यक्तींची मापने बहुधा परस्परव्यापी असतात. त्यामुळे सरासरीवरून कोणत्याही एका व्यक्तीची योग्यता ठरविता येत नाही. रिझली यांच्या मांडणीपासून या शास्त्राने घेतलेली फारकत मुख्यतः या विवेकात आहे.