तीन टप्पे, तीन वाटा : भूस्थिर उपग्रह प्रक्षेपकाच्या घडणीचा इतिहास

प्रस्तावना

भारतीय अंतराळ कार्यक्रमाचा इतिहास सांगताना एक विधान वारंवार केले जाते. १९९० च्या दशकात क्रायोजेनिक तंत्रज्ञान नाकारले गेले, ही इष्टापत्तीच ठरली. त्यामुळे देश स्वावलंबी झाला, असा त्याचा आशय असतो. हे विधान अभिमानास पोषक असले, तरी इतिहास म्हणून ते तपासून पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी भूस्थिर उपग्रह प्रक्षेपक, म्हणजेच जीएसएलव्ही, हे उत्तम साधन आहे. या अग्निबाणात घन, द्रव आणि अतिशीत अशा तिन्ही प्रकारची इंधने वापरली जातात आणि ही तीन तंत्रे तीन निरनिराळ्या वाटांनी भारतात रुजली. प्रस्तुत लेखात या तीन वाटांचा तौलनिक विचार केला आहे.

पहिली वाट : घरचे संशोधन

जीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याच्या गाभ्यात शंभर टनांहून अधिक घन इंधन असते. या विद्येचा प्रारंभ थुंबा येथे झाला. तेथे सुरुवातीस फ्रान्सच्या परवान्याने सेंटॉर हे छोटे अग्निबाण तयार केले जात. मात्र परवान्यावर समाधान न मानता इंधनाचे रसायनशास्त्र येथेच विकसित करण्याचा निर्णय घेण्यात आला. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर १९६७ मध्ये इंग्लंडहून परतून थुंबा येथे रुजू झाले. स्वदेशी घन इंधनाच्या विकासात त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्याचे चारही टप्पे घन इंधनाचे होते आणि विक्रम साराभाई अंतराळ केंद्राच्या संचालकपदी तेव्हा गोवारीकर होते.

दुसरी वाट : श्रमाच्या मोबदल्यात विद्या

गाभ्याभोवतीचे चार जोड-अग्निबाण आणि दुसरा टप्पा ‘विकास’ या द्रव इंधनावरील इंजिनावर चालतात. १९७४ मध्ये इस्रो आणि फ्रान्समधील एसईपी ही संस्था यांच्यात झालेला करार वेगळ्या धाटणीचा होता. फ्रान्स तेव्हा एरियन अग्निबाणासाठी वायकिंग इंजिन विकसित करीत होता. भारतीय अभियंत्यांनी त्या कामात सुमारे शंभर मनुष्य-वर्षे श्रम द्यावेत आणि त्या बदल्यात तंत्रज्ञान घ्यावे, असे ठरले. ज्ञान केवळ आराखड्यांतून येत नाही, ते हातांतून येते, याचे हे ठळक उदाहरण होय. तेथे उमेदवारी केलेल्या अभियंत्यांनीच पुढे विकास इंजिन भारतात घडविले.

तिसरी वाट : नकार

तिसरा टप्पा सर्वांत अवघड होता. त्यात उणे २५३ अंश सेल्सिअसचा द्रव हायड्रोजन व उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन वापरावा लागतो. दोन टन वजनाचे दळणवळण उपग्रह भूस्थिर कक्षेकडे पाठविण्यासाठी हा टप्पा अत्यावश्यक होता. तो नसल्यामुळे १९९२ मध्ये इन्सॅट-२अ हा उपग्रह युरोपच्या एरियन अग्निबाणाने सोडावा लागला.

१९९१ मध्ये ग्लावकॉसमॉस या सोव्हिएत संस्थेशी इंजिने व तंत्रज्ञान यांसाठी करार झाला. मे १९९२ मध्ये अमेरिकेने क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेचा आधार घेऊन इस्रो आणि ग्लावकॉसमॉस या दोहोंवर दोन वर्षांचे निर्बंध लादले. अतिशीत इंधन प्रक्षेपणापूर्वी काही तासच आधी भरावे लागते. सदैव सज्ज ठेवाव्या लागणाऱ्या क्षेपणास्त्रास ते गैरसोयीचे असते. हा तांत्रिक युक्तिवाद मान्य झाला नाही. १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार दिला आणि अखेरीस सात तयार टप्पे तेवढे भारतास मिळाले. त्यांतील इंजिनाचे मूळ सोव्हिएत चंद्रमोहिमेच्या काळातील होते. तेथे ते कधीच उडाले नाही; त्याचे पहिले उड्डाण १८ एप्रिल २००१ रोजी श्रीहरिकोटा येथून झाले. सप्टेंबर २००४ मध्ये शिक्षणासाठीचा एज्युसॅट हा उपग्रहही याच रशियन टप्प्याच्या साहाय्याने कक्षेत गेला.

नकाराची किंमत

स्वदेशी टप्प्याच्या प्रकल्पास १९९४ मध्ये मंजुरी मिळाली. १५ एप्रिल २०१० रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले आणि हायड्रोजनचा पूरक पंप बंद पडल्याने ते अयशस्वी ठरले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला रशियन टप्पा असलेले उड्डाणही अपयशी झाले. यानंतर पंपाच्या रचनेत बदल करण्यात आले आणि उंचावरील विरळ हवेची स्थिती निर्माण करून महेंद्रगिरी येथे इंजिनाच्या चाचण्या घेण्यात आल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये दुसऱ्या टप्प्यातील इंधनगळतीमुळे प्रक्षेपण ऐनवेळी थांबवावे लागले. ५ जानेवारी २०१४ रोजी मात्र जीसॅट-१४ हा १९८२ किलो वजनाचा उपग्रह यशस्वीरीत्या कक्षेत पोहोचला. मंजुरीपासून यशापर्यंत वीस वर्षे गेली होती. इष्टापत्तीच्या विधानात या वीस वर्षांचा हिशेब येत नाही.

याच काळात आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडत होती. पहिल्या स्वदेशी इंजिनाची रचना रशियन धर्तीची होती. तीत पंप फिरविणारा वायू पुन्हा मुख्य ज्वलनकक्षात नेला जातो. ही रचना कार्यक्षम, परंतु गुंतागुंतीची असते. पुढील सीई-२० या इंजिनासाठी इस्रोने तुलनेने सुटसुटीत अशी वेगळी रचना स्वतः निवडली आणि जमिनीवर तिच्या कसून चाचण्या घेतल्या. ५ जून २०१७ रोजी या इंजिनाचे पहिलेच उड्डाण यशस्वी झाले. २०२३ मध्ये चंद्रयान-३ ला पृथ्वीच्या कक्षेत नेणाऱ्या अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यातही हेच इंजिन होते. मुंबईच्या गोदरेजसारख्या उद्योगांनी अशा इंजिनांच्या निर्मितीत सहभाग घेतल्याने ही विद्या प्रयोगशाळेपुरती मर्यादित राहिली नाही.

समारोप

तिन्ही वाटांची तुलना करता असे दिसते की, परवाना, सहकार्य किंवा नकार यांपैकी कोणतीही गोष्ट आपोआप स्वावलंबन देत नाही. परवान्यापलीकडे जाणारे रसायनशास्त्रज्ञ, परदेशी कार्यशाळेत राबलेले अभियंते आणि अपयशानंतर चाचणीकेंद्रात परतणारी संस्था, हा या तिन्ही वाटांमधील समान धागा आहे. सहकार्याच्या वाटेने काळ वाचला. नकाराच्या वाटेने तो खर्ची पडला. मिळविलेली विद्याही जपावी लागते. १२ ऑगस्ट २०२१ रोजी हायड्रोजनच्या टाकीतील दाब घटल्याने याच स्वदेशी टप्प्याचे प्रज्वलन होऊ शकले नव्हते.

३० जुलै २०२५ रोजी भारत आणि अमेरिका यांनी संयुक्तपणे तयार केलेला निसार हा उपग्रह जीएसएलव्हीने कक्षेत सोडला. ज्या तंत्रज्ञानावर १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले होते, त्याच तंत्रज्ञानाच्या भारतीय टप्प्यावर तेहतीस वर्षांनी नासाची उपकरणे अंतराळात गेली. हा प्रसंग वर्गात सांगताना नकाराचे आभार मानण्याचे कारण नाही. मधल्या काळात महेंद्रगिरीच्या चाचणीमंचांवर झालेले काम विद्यार्थ्यांपुढे ठेवणे, हे अधिक इतिहासनिष्ठ ठरेल.