युद्धातून वाचलेले स्वर

१९४२च्या मार्च महिन्यातील गोष्ट. बर्लिनमधील फिलहार्मोनी सभागृहात बेथोव्हनची नववी सिम्फनी सादर होत होती. व्यासपीठावर बर्लिन फिलहार्मोनिक हा जगद्विख्यात वाद्यवृंद होता, साथीला ब्रूनो किट्टेल यांचा गायकवृंद होता आणि साऱ्यांना एका सूत्रात बांधणारे संचालक होते विल्हेल्म फुर्टवेंगलर. या सिम्फनीच्या अखेरच्या भागात वाद्यांच्या जोडीला मानवी कंठ येतो आणि शिलरच्या कवितेच्या आधाराने अखिल मानवजातीच्या बंधुत्वाचा उद्घोष करतो. त्याच काळात त्याच शहरातून ज्यू नागरिकांना आगगाड्यांत कोंबून पूर्वेकडे नेले जात होते. त्या गाड्या १८ ऑक्टोबर १९४१पासून सुटू लागल्या होत्या. सभागृहातील मायक्रोफोनांनी बंधुत्वाचे गीत टिपले; गाड्यांचा आवाज तेथवर पोहोचत नव्हता.

ते ध्वनिमुद्रण आजही ऐकता येते. बर्लिन फिलहार्मोनिकने २०१९च्या सुमारास फुर्टवेंगलर यांची १९३९ ते १९४५ या काळातील नभोवाणी-मुद्रणे शुद्ध करून बावीस तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध केली. आम्ही यांतील काही रचना पूर्वी प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत अशा फितींवर ऐकल्या होत्या. तेव्हा ते संगीत भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटे. आता ती भिंत दूर झाली आहे. नगाऱ्यांचा आघात थेट छातीवर येतो. संथ भागात एखादा श्रोता खोकतो, तोही आपल्या मागच्या रांगेत बसला असावा इतका जवळ भासतो. हा खोकणारा मनुष्य कोण असेल, असा विचार मनात आला आणि आम्हांला जाणवले की, स्वर स्वच्छ झाला, तसा त्याच्यासोबतचा प्रश्नही जवळ आला. त्या प्रश्नासाठीच हा लेखप्रपंच.

फुर्टवेंगलर यांचा जन्म २५ जानेवारी १८८६ रोजी बर्लिन येथे झाला. १९२२ साली आर्थर निकिश यांच्या निधनानंतर, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांच्याकडे बर्लिन फिलहार्मोनिकची धुरा आली. घड्याळाच्या काट्याप्रमाणे ताल मोजणे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या छडीचा इशारा अस्पष्ट असे. वादक एकमेकांकडे कान देऊन एकत्र येत आणि म्हणूनच त्या वाद्यवृंदाचा स्वर जमिनीतून उमलावा तसा खोल येई. संगीत त्या क्षणी जन्मते, अशी त्यांची श्रद्धा होती. ध्वनिमुद्रणाविषयी त्यांना ओढ नव्हती, यात नवल नाही. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचे संगीत मावत असे आणि दीर्घ सिम्फनीचे तुकडे करावे लागत.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये फुर्टवेंगलर यांनी प्रचारमंत्री गोबेल्सला अनावृत पत्र लिहून ब्रूनो वाल्टर, ऑटो क्लेम्पेरर, माक्स राइनहार्ट यांच्यासारख्या ज्यू कलावंतांची बाजू घेतली. त्या दिवसांत हे धाडस थोडके नव्हते. तथापि ज्यूंविरुद्धच्या मोहिमेलाच त्या पत्रात विरोध नव्हता. खऱ्या कलावंतांना तिच्यातून वगळावे, एवढीच मागणी होती. पुढल्या वर्षी हिंडेमिथ प्रकरण घडले. इझेनहाइमच्या प्रसिद्ध वेदीचित्रांवरून स्फुरलेली पाउल हिंडेमिथ यांची सिम्फनी फुर्टवेंगलर यांनी मार्च १९३४मध्ये प्रथम सादर केली होती. राजवटीने हिंडेमिथ यांच्यावर रोष धरला, तेव्हा फुर्टवेंगलर यांनी त्यांच्या समर्थनार्थ वृत्तपत्रात लेख लिहिला आणि डिसेंबरमध्ये आपल्या सर्व पदांचा राजीनामा दिला. परंतु १९३५च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा त्याच वाद्यवृंदापुढे उभे राहिले.

दरम्यान तो वाद्यवृंद सरकारच्या मालकीचा झाला होता. प्रमुख व्हायोलिनवादक शिमॉन गोल्डबर्ग आणि इतर ज्यू वादक तो सोडून गेले होते. फुर्टवेंगलर यांच्या सचिव बेर्टा गाइसमार यांनाही देश सोडून इंग्लंड गाठावे लागले. फुर्टवेंगलर राहिले. अनेकांच्या सुटकेसाठी त्यांनी शब्द टाकला, हे खरे. १९ एप्रिल १९४२ रोजी, हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला, त्यांनी तीच नववी सिम्फनी सादर केली आणि गोबेल्सने पुढे येऊन त्यांचा हात हातात घेतला, हेही खरे. त्या हस्तांदोलनाची चित्रफीत आजही उपलब्ध आहे.

या साऱ्याची ध्वनिस्मृती इतकी चांगली का टिकली, त्याचे कारण तंत्रज्ञानात आहे. चुंबकीय फितीवर आवाज टिपणारे ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र जर्मनीच्या आएगे कंपनीने १९३५ साली बर्लिनच्या नभोवाणी प्रदर्शनात मांडले. आरंभी त्यात खरखर फार होती. १९४० साली नभोवाणीतील अभियंते वाल्टर वेबर यांना असे आढळले की, मुद्रणाच्या विद्युत्प्रवाहात कानाला ऐकू न येणाऱ्या अतिउच्च कंपनांचा प्रवाह मिसळला, तर खरखर एकदम कमी होते. एका फितीवर वीस मिनिटांहून अधिक संगीत सलग मावे. ज्या संचालकाला तुकडे सोसत नव्हते, त्याचे संगीत प्रथमच अखंड टिपले जाऊ लागले. ही जबाबदारी ध्वनितज्ज्ञ फ्रीडरिश श्नाप यांच्याकडे होती. एरवी मुद्रणाला कंटाळणाऱ्या फुर्टवेंगलर यांचा त्यांच्यावर विश्वास होता.

१९४५मध्ये सोव्हिएत सैन्य बर्लिनमध्ये शिरले. नभोवाणीच्या संग्रहातील अनेक फिती मॉस्कोला गेल्या. तेथे त्यांवरून तबकड्या निघाल्या आणि साठच्या दशकाच्या अखेरीस त्या पश्चिमेतील संग्राहकांपर्यंत पोहोचल्या. त्यांतील काहींचा वेग चुकलेला होता, त्यामुळे स्वर मुळापेक्षा चढे लागत. १९८७मध्ये आणि पुन्हा १९९१मध्ये हा ठेवा टप्प्याटप्प्याने बर्लिनला परत आला.

ज्याला रिमास्टरिंग म्हणतात, ते काम येथून सुरू होते. ते जीर्ण पोथीच्या संपादनासारखे आहे. प्रथम मूळ फीत शोधायची. ती नसेल, तर तिच्या सर्वांत जवळची प्रत शोधायची. मग तिचा नेमका वेग ठरवायचा. वेग चुकला, तर स्वर चुकतो आणि लयही चुकते. त्यानंतर फितीतील तुटी, आवाजातील चढउतार, खरखर यांच्याकडे वळायचे. मोह येथेच होतो. खरखर पुसता पुसता सभागृहाची हवाही पुसली जाते. व्हायोलिनची कड बोथट होते. माणसे श्वास घेत असलेली जागा निर्वात पेटीसारखी होते. चांगला तंत्रज्ञ काय काढले यावरून ओळखला जात नाही. काय राहू दिले यावरून ओळखला जातो. तो खोकला राहू दिला गेला, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत.

शुद्धीकरणाआधी ‘मूळ’ म्हणजे काय, हेही ठरवावे लागते. युद्धानंतर बायरॉइटचा संगीतमहोत्सव १९५१ साली पुन्हा सुरू झाला. २९ जुलैला फुर्टवेंगलर यांनी तेथे नववी सिम्फनी सादर केली. संचालकांच्या निधनानंतर, १९५५ साली, ईएमआय कंपनीने तिची तबकडी काढली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या त्या ऐतिहासिक मैफलीची साक्ष म्हणून पूजली गेली. २००७ साली बव्हेरियन नभोवाणीची फीत प्रसिद्ध झाली. दोन्ही ताडून पाहता असे दिसून आले की, जुन्या तबकडीत तालमीचे भागही जोडलेले होते. साक्ष सुंदर होती, पण सलग नव्हती.

युद्धकालीन फितींत मात्र एक तुकडा असा आहे की, त्याचे अपुरेपणच त्याची साक्ष आहे. ३० जानेवारी १९४४ रोजी बाँबहल्ल्यात जुने फिलहार्मोनी सभागृह जळून गेले. त्यानंतर वाद्यवृंद इतरत्र आश्रय घेत वाजवीत राहिला. १९४५च्या जानेवारीत आडमिराल्सपालास्ट नाट्यगृहात फुर्टवेंगलर यांनी युद्धकाळातील आपली बर्लिनमधील शेवटची मैफल केली. तिच्यातील ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीचा फक्त चौथा भाग फितीवर उरला आहे. पुढल्याच महिन्यात ते स्वित्झर्लंडला निसटले. या भागात काळोखातून हळूहळू उजेडाकडे जाणारी वाट आहे; येथे मात्र वादक उजेडाकडे चालत नाहीत, धावत सुटतात. मागचे तीन भाग कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही.

युद्धानंतर फुर्टवेंगलर यांची चौकशी झाली. डिसेंबर १९४६मध्ये बर्लिनच्या समितीपुढे त्यांनी वाचवलेल्यांच्या वतीने साक्षी झाल्या आणि ते दोषमुक्त ठरले. २५ मे १९४७ रोजी ते पुन्हा बर्लिन फिलहार्मोनिकसमोर उभे राहिले. पुढे पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य झालेले व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन स्वतः ज्यू असूनही त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्याच वर्षी त्यांच्यासमवेत वाजवले. उलट शिकागोच्या वाद्यवृंदाने त्यांना निमंत्रण दिले, तेव्हा होरोविट्झ, रुबिनस्टाइन यांच्यासारख्या कलावंतांनी विरोध केला आणि १९४९ साली ते निमंत्रण बारगळले. मेनुहिन यांची क्षमा आम्हांला थोर वाटते. पण ज्यांनी क्षमा केली नाही, त्यांचा नकार क्षुद्र होता, असे आम्ही म्हणणार नाही. क्षमा मागून घेता येते, वसूल करता येत नाही.

फुर्टवेंगलर यांची बाजू अशी होती की, जर्मन माणसाला बेथोव्हनची गरज त्या काळी सर्वाधिक होती. आपण त्याच्यासाठी राहिलो. ३० नोव्हेंबर १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांनी ही भूमिका सोडली नाही. या फिती ऐकताना तीत तथ्य नाही, असे म्हणवत नाही. भयाच्या छायेत बसलेल्या त्या सभागृहाला त्या दोन तासांत काही तरी मिळाले असेल. पण त्याच संगीताने त्या राजवटीला सुसंस्कृतपणाचे वस्त्रही पुरवले. एकाच मैफलीने दोन्ही गोष्टी घडल्या आणि कोणतेही यंत्र त्या वेगळ्या करू शकत नाही.

रिमास्टरिंगने आम्हांला एवढे दिले की, फितीवर जे होते, ते आता जवळजवळ पूर्ण ऐकू येते. फितीवर जे नव्हते, ते ऐकण्याचे काम श्रोत्यावर येऊन पडते. व्हायोलिनांच्या पहिल्या बाकावर गोल्डबर्ग नाहीत. श्रोत्यांत ती माणसे नाहीत, ज्यांना सभागृहाचे दार आधीच बंद झाले होते. बंधुत्वाचे ते गीत त्यांच्याविना गायले गेले. यापुढे नववी सिम्फनी ऐकताना आम्ही ती थांबवणार नाही. तिच्याइतके सुंदर फार थोडे आहे. मात्र तो खोकला ऐकू आला की, त्या माणसाशेजारच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीचेही स्मरण आम्ही करू.