शेजारघर आणि विद्यापीठ

विद्यार्थ्यांचे शिक्षण व समाजाची सेवा यांची सांगड आपल्या देशात राष्ट्रीय सेवा योजनेने घातली, असा सर्वसाधारण समज आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह ती योजना सुरू झाली व तिचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु या विचाराचे एक मूळ त्याहून जुने असून ते मुंबईच्या नागपाड्यात सापडते.

अमेरिकन मराठी मिशनच्या कार्याचा आरंभ मुंबईत १८१३ साली झाला. याच मिशनचे रेव्ह. डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ मध्ये मुंबईस आले. नागपाड्याची वस्ती दाट, गरीब व नाना धर्मांची. तेथे त्यांच्या पुढाकाराने नागपाडा नेबरहुड हाऊस, म्हणजे शेजारघर, उभे राहिले. वाचन, खेळ, व्याख्याने व आरोग्यसेवा यांसाठी त्याचे दार सर्व धर्मीयांस उघडे होते.

पुढे सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने १९३६ साली याच घरात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी शाळा सुरू झाली व मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. वर्गातील अध्ययनाच्या जोडीस वस्तीतील प्रत्यक्ष क्षेत्रकार्य हे या शिक्षणाचे आवश्यक अंग ठरले. १९४४ मध्ये तिला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले, १९५४ मध्ये ती देवनार येथे गेली, आणि १९६४ मध्ये तिला विद्यापीठसमान दर्जा प्राप्त झाला.

या इतिहासातील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी शेजारघर, नंतर शाळा. विद्यार्थी वस्तीत आले तेव्हा तेथे विश्वासाचे नाते अगोदरच जुळलेले होते. ते नाते त्यांना पुस्तकातून मिळाले नसते.

हे नाते किती मोलाचे आहे, याची जाणीव भोपाळ येथे होते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री विषारी वायूने त्या शहरात हाहाकार माजविला. त्यानंतर १९८५ च्या आरंभी या संस्थेच्या पुढाकाराने समाजकार्याच्या अनेक शिक्षणसंस्थांतील विद्यार्थी बाधित वस्त्यांत घरोघर जाऊन कुटुंबांची माहिती नोंदवीत होते. ते काम कष्टाचे व आवश्यक होते. तथापि सर्वेक्षण करणारा काही आठवडे राहतो, शेजारी वर्षानुवर्षे. ज्या मातेने आपल्या मृत लेकराचे नाव नोंदविले, तिला त्या नोंदीचे पुढे काय झाले हे विचारण्याचा हक्क आहे. आणि विचारावयास तिच्याजवळ कोणीतरी राहिलेले असावयास हवे.

येथेच पाळक व उपदेशक यांचे स्थान आहे. महाविद्यालयाचे शिबिर आपल्या गावी येते, दहा दिवसांत रस्ता झाडते, प्रश्नावली भरून घेते व परत जाते. त्याचे स्वागत अवश्य करावे. परंतु गावाची खरी गरज कोणती हे आधी गावकऱ्यांकडूनच वदवून घ्यावे, निष्कर्ष गावाला परत सांगण्याचे वचन विद्यार्थ्यांकडून घ्यावे, आणि सुरू झालेले काम पुढील शिबिरापर्यंत जागे ठेवावे. चांगल्या शोमरोन्यानेही जखमीला उतारशाळेत पोहोचवून आपले कर्तव्य संपले असे मानले नाही. परत येण्याचे वचन देऊनच तो पुढे गेला. विद्यापीठाजवळ ज्ञान आहे, विद्यार्थ्यांजवळ उत्साह आहे. मंडळीने शेजारघर व्हावे.