तारापूर : आधी भट्टी, मग राखणदार

आमच्या चिंचणीत वीजकेंद्राला कुणी वीजकेंद्र म्हणत नाही. ‘पोरगा अॅटॉमिकला लागलाय’ एवढं कळलं की स्थळं सांगून यायची. माझे बाबा तिथे मेंटेनन्सला फिटर होते. नोकरी पक्की, क्वार्टर बोईसरला. धोक्याचा विषय आमच्याकडे जेवताना निघायचा, तोही पगाराच्या बोलण्यात मध्येच.

१९६३ साली अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिकने दोन भट्ट्या उभ्या केल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी देशातलं पहिलं अणुवीज केंद्र रीतसर सुरू झालं. या भट्ट्यांत पाणी थेट भट्टीतच उकळतं आणि तीच वाफ टर्बाइनवर जाते. म्हणजे टर्बाइनकडे पाना घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही किरणोत्सर्गाचा हिशोब चुकत नाही. तो हिशोब ठेवायचा छातीवरचा बिल्ला: काळ्या कागदात गुंडाळलेला फिल्मचा तुकडा, वर धातूच्या पट्ट्या. बिल्ला गेटवरच्या रॅकवर ठेवायचा, घरी न्यायची सोय नाही. पेनासारखा डोसीमीटर जागच्या जागी आकडा दाखवी, पण नोंदवहीत खरा धरत तो फिल्मचा. ती धुऊन यायची तेव्हा कामाला कैक दिवस उलटून गेलेले. एखादी अडचणीची जागा असली की माणसं आळीपाळीने आत पाठवत. ‘माझा डोस भरला,’ असं बाबा रेशन संपल्याच्या सुरात सांगत.

पुढे वाफेच्या दुय्यम यंत्रणेतल्या नळ्या गळू लागल्या, ती बाजूला काढावी लागली आणि २१० मेगावॅटची भट्टी १६० वर आली. पण मला त्याहून खटकते ती दुसरी तारीख. अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं १५ नोव्हेंबर १९८३ला. भट्टी पेटून चौदा वर्षं झाल्यावर! आणि तेही कुणाच्या हाताखाली, तर अणुऊर्जा आयोगाच्या. १९९५ मध्ये मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांच्या कारकिर्दीत देशभरच्या अणुकेंद्रांतल्या सुरक्षेच्या १३० त्रुटींची यादी तयार झाली. सरकारने ती लोकांपुढे आणली नाही.

तारापुरात मोठा अपघात झाला नाही, हेही तितकंच खरं. बाहेरची वीज गेली तरी भट्टी थंड ठेवता यावी म्हणून २००५-०६ मध्ये केंद्र बंद ठेवून जास्त क्षमतेचे डिझेल जनरेटर बसवले होते. ११ मार्च २०११ला फुकुशिमात त्सुनामीचं पाणी जनरेटरमध्ये शिरलं. तिथल्या भट्ट्याही जनरल इलेक्ट्रिकच्याच घराण्यातल्या. एवढ्या एका बाबतीत आपल्याकडे शहाणपण आधी सुचलं होतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

फुकुशिमानंतर स्वतंत्र नियामकाचं विधेयक संसदेत आलं. २०१२ साली ‘कॅग’नेही मंडळाच्या तोकड्या अधिकारांवर बोट ठेवलं. विधेयक मात्र समित्यांत फिरत राहिलं आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बारगळलं.