लग्नाची कॅसेट ते ४के मोबाईल : कमी जागेत व्हिडीओ जपायचे तर फॉरमॅट कोणता निवडायचा?

आमच्याकडे आई-बाबांच्या लग्नाची एक व्हीएचएस कॅसेट होती, ३ तासांची. मी शाळेत असताना ती एका दुकानातून व्हीसीडीवर उतरवून आणली. ३ डिस्क मिळाल्या आणि कपाटात उगाच जागा अडते म्हणून कॅसेट भंगारात गेली. आज ती व्हीसीडी लावली की मंगलाष्टकं नीट ऐकू येतात, पण गर्दीत माझी पणजी कुठली, हे आईला बोट ठेवून दाखवावं लागतं. चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचं असतं. तीच कॅसेट ७२० बाय ५७६ मध्ये उतरवता आली असती, म्हणजे चौपट पिक्सेल. दुकानदाराची काही चूक नव्हती, तेव्हा घरोघरी व्हीसीडी प्लेअरच होते. पण मूळ गेल्यामुळे आता दुसऱ्यांदा प्रयत्न करायची सोयच उरली नाही.

आज हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. फोन भरलाय, लॅपटॉप भरलाय, हातात १ टीबीची एक हार्ड डिस्क आहे (ती विंडोजवर ९३१ जीबीच दिसते, घाबरू नका, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे). आता सगळं कशात ठेवायचं?

एमपी४ हा फक्त डबा आहे

एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही, एव्हीआय ही डब्यांची नावं. आत भाजी कोणती आहे, ते ठरवतो कोडेक. एच.२६४ (२००३), एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी (२०१३) आणि एव्ही१ (२०१८) हे सध्याचे मुख्य कोडेक. त्यामुळे ‘एमओव्हीचं एमपी४ केलं की जागा वाचते’ हे खरं नाही. डबा बदलला म्हणून भाजी कमी होत नाही.

जागा ठरते बिटरेटवर. हिशोब सोपा आहे : १ एमबीपीएस म्हणजे तासाला ४५० एमबी. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘कोडेक इन्फॉर्मेशन’ उघडलं की कोडेक आणि बिटरेट दोन्ही कळतात. कुठलाही कन्व्हर्टर डाउनलोड करण्याआधी एवढं बघून घ्या.

फोनवरचं शूटिंग

इथे सगळ्यात जास्त जागा शूटिंगच्या आधीच वाचवता येते. आयफोनच्या सेटिंगमध्येच आकडे दिलेले आहेत. १०८०पी, ३० फ्रेमचा एक मिनिट ‘हाय एफिशिअन्सी’मध्ये सुमारे ६० एमबी घेतो, तर ‘मोस्ट कम्पॅटिबल’मध्ये १३० एमबी. पहिला एच.२६५, दुसरा एच.२६४. हाच मिनिट एच.२६५ मध्येच पण ४के घेतला तर १७० एमबी. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसीचा पर्याय सापडतो. बारशाचं दोन तासांचं शूटिंग ४के मध्ये खरंच हवंय का, हे आधी ठरवा.

शूट झालेली फाइल मात्र शक्यतो आहे तशीच ठेवा. ती आधीच दाबलेली असते. पुन्हा दाबली की पुन्हा काहीतरी गळतं आणि गेलेलं परत येत नाही. त्यापेक्षा खिशात चालू राहिलेला कॅमेरा, एकाच नाचाचे चार व्हिडीओ हे उडवा. लांब क्लिपचं नको ते टोक कापायचं असेल तर लॉसलेसकट हे मोफत सॉफ्टवेअर पुन्हा न दाबता कापतं. काप नेमका हव्या त्या फ्रेमवर बसत नाही, एखादा सेकंद इकडेतिकडे होतो, एवढंच.

आणि व्हॉट्सॲपवर आलेली कॉपी म्हणजे मूळ फाइल नव्हे. मामेभावाकडून व्हिडीओ मागताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा.

जुन्या टेपचं काय?

मिनीडीव्ही टेप असेल तर तिच्यावर डेटा डिजिटलच असतो. फायरवायरने उतरवली की तासाला सुमारे १३ जीबी, काहीही न गळता. १० टेपचे १३० जीबी होतात. १ टीबीमध्ये हे आरामात बसतं, त्यामुळे ते दाबायच्या भानगडीत पडू नका असं माझं मत आहे.

व्हीएचएस ॲनालॉग असते. अजिबात न दाबता उतरवली तर तासाला ७५ जीबीच्या आसपास जागा लागते. काही संग्रहालयं यासाठी एफएफव्ही१ नावाचा कोडेक वापरतात. तो काहीही न गाळता फाइल लहान करतो, तरी घरच्या डिस्कसाठी ती मोठीच असते. घरी एच.२६४ पुरतो. हँडब्रेकमध्ये कमी रिझोल्यूशनच्या व्हिडीओसाठी आरएफ १८ ते २२ सुचवलेलं आहे. आकडा जितका कमी, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. मी १८ ठेवेन. टेपला चौथं, पाचवं कन्व्हर्जन सोसत नाही.

इथे एक चूक सर्रास होते. आपल्याकडच्या टेपवर सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात. बरेच जण ती जोडून २५ फ्रेम करतात आणि नाचणारी माणसं अडखळायला लागतात. डीइंटरलेसमध्ये ‘बॉब’ हा पर्याय आणि फ्रेमरेट ५० ठेवला की हालचाल मूळसारखी राहते. आणि कुणी ‘कॅसेट ४के करून देतो’ म्हणालं तर नको म्हणा. व्हीएचएसमध्ये तेवढा तपशीलच नसतो, डिस्क मात्र भरते.

मग एच.२६५ की एव्ही१?

मोबाईलचं ४के दाबण्यावाचून गत्यंतर नसेल तर एच.२६५. तेवढ्याच दर्जासाठी एच.२६४ च्या जवळपास निम्मी जागा लागते. एव्ही१ आणखी जागा वाचवतो आणि त्याला रॉयल्टीची कटकट नाही, पण साध्या लॅपटॉपवर कन्व्हर्ट करायला रात्र जाते. शिवाय तो हार्डवेअरवर चालवणारा पहिला आयफोन म्हणजे १५ प्रो, म्हणजे घरातल्या बऱ्याच फोनवर तो अडखळेल.

सेटिंग ठरवण्याआधी एका मिनिटाची चाचणी घ्या, आणि तो मिनिट अक्षता पडतानाचा निवडा. विसर्जनाचा गुलाल असेल तर उत्तमच. प्रत्येक फ्रेममध्ये सगळं चित्र बदलत असल्यामुळे कोडेकची सगळ्यात जास्त दमछाक तिथेच होते. तिथे चेहरे टिकले तर बाकीचा व्हिडीओही टिकेल. मग ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन घरातल्या जुन्या टीव्हीला लावा. एच.२६५ चालला नाही, तर मोठी फाइल पत्करून एच.२६४ वर या.