'जर्मन' झुरळाची कुळकथा

दिवाळीच्या साफसफाईत ओट्याखालचा डबा सरकवला की बोटाच्या अर्ध्या पेराएवढी तपकिरी झुरळे चहूकडे पळतात. ही मोठ्या झुरळांची पिल्ले, असे घरोघरी समजतात. मीही पन्नाशीपर्यंत तसेच समजत होतो. माझ्या संग्रहातल्या काही जुन्या पुस्तकांच्या बांधणीची खळ झुरळांनी खाल्ली, तेव्हा रागाच्या भरात त्यांची माहिती शोधू लागलो आणि पुन्हा इतिहासाच्याच वाटेला लागलो.

ही पिल्ले नव्हेत, पूर्ण वाढलेली वेगळी जात आहे. डोक्यामागच्या ढालीवरच्या दोन काळ्या उभ्या रेघा ही तिची खूण. लिनिअसने १७६७ साली तिला 'जर्मेनिका' म्हटले. मोरीतून येणाऱ्या मोठ्या तांबड्या झुरळाला त्यानेच १७५८ साली 'अमेरिकाना' ठरवले होते. पण ते मूळचे आफ्रिकेतले, जहाजांतून अमेरिकेला पोहोचलेले. 'जर्मन' नावाचीही तीच गत. रशियन लोक या लहान झुरळाला 'प्रुसाक' म्हणजे प्रशियन म्हणतात, तर जर्मनीच्या काही भागांत त्याला 'रशियन' म्हणत. नकोसा पाहुणा नेहमी शेजाऱ्याकडूनच आलेला असतो!

मग खरे गाव कोणते? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने याचे उत्तर दिले. संशोधकांनी १७ देशांतील २८१ झुरळांचे जनुकीय नमुने तपासले. निष्कर्ष असा, की सुमारे २,१०० वर्षांपूर्वी, म्हणजे दख्खनेत सातवाहनांचा काळ असताना, भारत किंवा म्यानमारच्या परिसरात पालापाचोळ्यात राहणाऱ्या 'आशियाई' झुरळापासून ही जात वेगळी झाली. माणसाने शेते आणि वस्त्या वाढवल्या, तसे ते घरात शिरले. पुढे सुमारे १,२०० वर्षांपूर्वी अरबांच्या व्यापारी आणि लष्करी हालचालींबरोबर ते पश्चिम आशियात पोहोचले. सुमारे ३९० वर्षांपूर्वी युरोपीय व्यापारी कंपन्यांच्या काळात ते पूर्वेकडे पसरले आणि सुमारे २७० वर्षांपूर्वी युरोपात गेले. हा शेवटचा आकडा सप्तवार्षिक युद्धाच्या (१७५६–६३) जवळपास येतो. एकमेकांवर ढकललेली ती नावे याच युगातली असावीत, असे मला वाटते. पुढे आगबोटी आल्या, थंड देशांतली घरे आतून ऊबदार झाली आणि झुरळाला सारे जग मोकळे झाले.

हे मरत कसे नाही, असे लोक विचारतात. खरे तर ते लवकर मरते. मोठे तांबडे झुरळ पिल्लावस्था धरून दीड-दोन वर्षे जगू शकते; हे लहान झुरळ प्रौढ झाल्यावर काही महिनेच. पण मादीच्या एका अंडकोशात ३० ते ४० अंडी असतात. पिल्ले बाहेर पडण्याची वेळ येईपर्यंत ती तो कोश पोटाशी घेऊन फिरते. ऊबेत पिल्ले दोनेक महिन्यांत वयात येतात. त्यामुळे वर्षात तीन-चार पिढ्या होतात. अन्नाची ददातही त्याला फारशी जाणवत नाही. शरीरातले सहजीवी जिवाणू साठवलेल्या युरिक आम्लातला नायट्रोजन पुन्हा वापरात आणतात. म्हणून खळीसारख्या निकस अन्नावरही त्याचे भागते.

आयुष्य आखूड आणि पिढ्या भरभर, हीच त्याची ताकद. क्लोरडेन या कीटकनाशकाला न जुमानणारी झुरळे टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी येथे १९५२ सालीच आढळली. १९८०च्या दशकात विष मिसळलेली गोड आमिषे आली. काही वर्षांतच फ्लोरिडातली झुरळे त्यांना तोंड लावेनात. २०१३ साली कारण उलगडले. या झुरळांच्या कडू चव ओळखणाऱ्या पेशी ग्लुकोजलाच प्रतिसाद देत होत्या. झुरळे शहाणी झाली नव्हती. गोडाचा तिटकारा असलेली थोडी मुळातच होती; गोडघाशी मेली, ती उरली. ती निवड आपण केली.

अणुबाँबमधूनही झुरळ वाचते, ही दंतकथा. माणसापेक्षा किरणोत्सर्ग ते जास्त सोसते, पण फळमाशी त्याहूनही जास्त सोसते. उलट, हे 'जर्मन' झुरळ आता माणसाच्या आसऱ्याबाहेर, रानात टिकून असल्याचे आढळत नाही. आपली ऊब, आपले पाणी, आपले खरकटे एवढेच त्याचे जग. त्याचा रानातला भाऊ, ते आशियाई झुरळ, चांगले उडते आणि दिव्याकडे झेपावते. घरात राहिलेला उडणे विसरला आणि दिवा लावताच पळू लागला.

म्हणून यंदा मी फवारा आणला नाही. ओट्याखालचा गळका नळ बदलला, भिंतीतल्या भेगा बुजवल्या आणि खरकटी भांडी रात्री पडू द्यायची नाहीत, असा नियम केला. दोन हजार वर्षांच्या भाडेकरूला घालवायचे, तर आधी त्याचा शिधा तोडावा लागतो.